मोकळ्या तारेतला कोमल गंधार

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक आहोत, संगीताचे नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. एकीचे घर गिरगावात, दुसऱ्याचे परळला. नोकरी एकाच महाविद्यालयात, आणि गाणे ऐकण्याची सवय दोघांनाही विद्यार्थिदशेपासूनची. तंबोरा जुळवता येतो, पेटीवर बोटे फिरतात, याहून अधिक अधिकार आमच्याकडे नाही. तरीही गिटारच्या एका आडवळणी जुळवणीविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहोत. वर्गात आम्ही पंधरा-वीस वर्षे निःशंकपणे जे एक विधान करीत आलो, त्याला या जुळवणीने तडा दिला. कोमल स्वर म्हणजे करुण रस, हे ते विधान.

गेल्या पावसाळ्यात गिरगावच्या घरी एक गिटार मुक्कामाला आली. भाचा नोकरीनिमित्त बंगळूरला गेला आणि वाद्य मावशीच्या हवाली करताना, फार दिवस कोणी वाजवणार नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेव, नाहीतर ताणाने मान वाकते, असे बजावून गेला. किती उतरवायच्या हे विचारायला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, उतरवायच्याच आहेत तर नीट सुरात उतरव. ओपन डी मायनर कर." मग त्याने जे सांगितले ते आम्ही पेटीच्या भाषेत लिहून घेतले.

गिटारच्या सहा तारा एरवी, जाड तारेकडून बारीक तारेकडे, पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन अशा लावलेल्या असतात. ही मांडणी डाव्या हाताच्या सोयीची आहे. डावा हात बाजूला ठेवून सहाही तारा एकदम छेडल्या तर जे ऐकू येते त्याला स्वरसंवाद म्हणणे कठीण. भाच्याच्या सांगण्याप्रमाणे तीनच्या दोन्ही तारा दोनवर आल्या, पाचची तार चारवर, सातची सहावर. उरलेल्या दोहोंना हात लावावा लागला नाही. एकही तार चढवायची नाही, चार तारा उतरवायच्या, त्याही प्रत्येकी एका पूर्ण स्वराने. पांढरी दोनला षड्ज मानला तर जाड तारेपासून हिशेब असा होतो: सा, प, सा, कोमल ग, प, सा.

कागदावर हे लिहून झाले तेव्हाच आमच्यातला परळकर म्हणाला, "हा तर तंबोरा आहे." खरेच होते. तंबोऱ्याच्या चार तारांत मंद्र पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज असतो. पंचम वर्ज्य असलेल्या रागात पहिली तार मध्यमाला लावतात, मारव्यासारख्या रागात पुष्कळदा निषादाला. गंधाराची स्वतंत्र तार मात्र सहसा लावत नाहीत. राग कोणता, त्याचा गंधार शुद्ध की कोमल, दरबारीतला आंदोलित की बागेश्रीतला सरळ, हे गवयाने ठरवायचे आणि तंबोऱ्याने त्याविषयी मौन पाळायचे, असा तो करार आहे. या गिटारने तो करार मोडला होता. बोट न लावता ती कोमल गंधार बोलून दाखवत होती.

पहिल्यांदा सहाही तारा एकदम छेडल्या आणि आम्ही दोघेही, एकमेकांकडे न पाहता, "किती करुण!" असे म्हणून गेलो. इतक्या सहजपणे शब्द तोंडातून आला की त्याचाच पुढे संशय येऊ लागला. आम्ही ऐकले होते की पाठ म्हटले होते?

पाठ म्हणण्याला आधार नाही असे नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वरांची रसांशी सांगड घातलेली आहे आणि तीत गंधार आणि निषाद करुणाकडे दिलेले आहेत. भरताच्या षड्जग्रामातला गंधार आजच्या कोमल गंधाराच्या जवळपासचा होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आमच्या विधानाला दोन हजार वर्षांची नसली तरी पुष्कळ जुनी पुण्याई आहे, असे कोणी म्हणेल. पण भरत सुट्या स्वराविषयी बोलत नाही. एखाद्या जातीत, म्हणजे रागाच्या त्या पूर्वरूपात, जो स्वर अंश होऊन बसतो, ज्याच्याभोवती सगळे गायन फिरते, त्या स्वराविषयी तो बोलतो. आणि तेही रंगभूमीवरच्या विशिष्ट प्रसंगासाठी. या संदर्भातून स्वर सुटा करून त्याच्यावर रसाची चिठ्ठी आपण पुढच्यांनी चिकटवली. पाश्चात्त्यांची 'मेजर म्हणजे आनंद, मायनर म्हणजे दुःख' ही शालेय समजूत इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आली तेव्हा तिला ही चिठ्ठी आयतीच सापडली असावी, असा आमचा तर्क आहे.

वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेले आणि पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत गाण्याचे धडे घेतलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा आपला विस्तृत ग्रंथ मराठीत, संवादरूपाने लिहिला. आम्ही मराठीवाले त्याला गद्याचा नमुना म्हणून कधी वाचत नाही, ही आमच्या अभ्यासक्रमांची दरिद्री बाजू. पण तो विषय वेगळा. भातखंड्यांनी रागांचे तीन मोठे वर्ग पाडले: रे-ध शुद्ध असलेले, रे-ध कोमल असलेले संधिप्रकाश राग आणि ग-नि कोमल असलेले. या वर्गांना रसांची वाटणी कशी करता येईल हेही त्यांनी सुचवून पाहिले. त्यात करुण आणि शांत हे रस संधिप्रकाश रागांकडे गेले, आणि कोमल गंधार-निषादांचे राग चक्क वीराकडे! ही वाटणी जशीच्या तशी स्वीकारावी असे आमचे म्हणणे नाही. बागेश्री ऐकून कोणी तलवार उपसल्याचे ऐकिवात नाही. परंतु इतके राग इतक्या घराण्यांकडून मिळवलेल्या माणसाच्या कानाला कोमल गंधार करुण वाटला नाही, हे आम्हांला पूर्वीच खटकायला हवे होते.

खरे तर रोजच्या ऐकण्यातही तो फारसा करुण नसतो. बहारमध्ये कोमल गंधार आहे आणि बहार हा वसंताचा राग आहे. मियाँमल्हारात तो झुलत झुलत पाऊस घेऊन येतो. अडाण्यात तो ताठ मानेने उभा असतो. उलट ज्या मारव्यातली हुरहूर सूर्यास्ताच्या वेळी जीव नकोसा करते, त्या मारव्याचा गंधार शुद्ध आहे. ऋत्विक घटक यांचा १९६१ सालचा 'कोमल गांधार' हा बंगाली चित्रपट फाळणीच्या जखमेविषयी आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण 'मेघे ढाका तारा' आणि 'सुवर्णरेखा' यांच्या जोडीने घेतल्या जाणाऱ्या त्या तीन चित्रपटांत मीलनाकडे जाणारा तोच आहे, हे कमी लोक सांगतात.

तरीही गिटार पुन्हा छेडली की मनात काहीतरी कालवत होते, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. ते काय होते? गिरगावकरणीने खुर्ची ओढली, कान पोकळीजवळ नेला आणि फक्त जाड तार वाजवून ती पूर्ण विरेपर्यंत ऐकली. तंबोरा ऐकणाऱ्याला जे कळते ते येथेही कळले. खर्जाची तार एकट्या षड्जाचा नाद देत नाही. तिच्या पोटात वरचा षड्ज, पंचम आणि दोन सप्तके वर गंधारही असतो. जवारी चांगली असेल तर तंबोऱ्यातून हा स्वयंभू गंधार स्पष्ट ऐकू येतो, आणि तो शुद्ध असतो. तार स्वतःच्या लांबीच्या पाचव्या भागात थरथरते तेव्हा तो निर्माण होतो, त्याला कोणाच्या इच्छेची गरज नसते. आता या गिटारमध्ये काय चालले होते पाहा. षड्जाच्या तीन तारा आपापल्या पोटातून शुद्ध गंधार उच्चारत होत्या आणि तिसरी तार मोकळ्याने कोमल गंधार म्हणत होती. दोघांत अर्ध्या स्वराचे अंतर. ते मंद, वर कुठेतरी चाललेले घर्षण आम्हांला ऐकू येत होते आणि त्यालाच आम्ही घाईघाईने कारुण्य म्हणत होतो.

युरोपातल्या जुन्या रचनाकारांनाही हे घर्षण छळत असावे. सोळाव्या-सतराव्या शतकात मायनरमधली रचना शेवटच्या स्वरसमूहावर येताना पुष्कळदा अचानक मेजर होते. या प्रथेला 'पिकार्डी थर्ड' असे नाव आहे. शेवटचा स्वर विरत असताना नादाच्या पोटातल्या गंधाराशी भांडण नको, असा तो शहाणपणा.

पण ही जुळवणी ज्यांनी आपलीशी केली त्यांना भांडण हवेच होते. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात बेंटोनिया नावाचे लहानसे गाव आहे. तेथल्या कृष्णवर्णीय गायकांची ब्लूजची एक स्वतंत्र शैली आहे आणि खुली मायनर जुळवणी ही तिची खूण. त्यांतला स्किप जेम्स सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या आधीचा हेन्री स्टकी पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना कॅरिबियन बेटांवरच्या कृष्णवर्णीय सैनिकांकडून ही जुळवणी शिकून आला, अशी हकिगत सांगितली जाते. स्किप जेम्सने १९३१ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन येथे पॅरामाउंट कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे केली. मंदीचे दिवस होते, तबकड्या फारशा खपल्या नाहीत, गायक विस्मृतीत गेला. १९६४ साली काही तरुण संग्राहकांनी त्याला एका रुग्णालयात शोधून काढले आणि त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या महोत्सवात तो पुन्हा गायला.

भाच्याने या ध्वनिमुद्रणांचे दुवे पाठवले होते. त्यांतली मंदीवरची, भूक आणि बेघरपण यांवरची गाणी ऐकताना आमचे जुने विधान आम्हांला थोडे सावरल्यासारखे वाटले. मग त्याच सत्रात मुद्रित झालेले, त्याच जुळवणीतले 'आय ॲम सो ग्लॅड' लागले. नावातच आनंद, आणि लय इतकी धावती की बोटे दिसेनाशी व्हावीत. पुढे १९६६ मध्ये क्रीम या इंग्रजी वाद्यवृंदाने ते उचलले आणि जगभर पोहोचवले. तीच तिसरी तार, तोच कोमल गंधार, आणि गाणे हर्षाचे. हे घडते कसे?

उत्तर एका बोटात आहे. तिसरी तार मोकळी सोडली तर कोमल गंधार. तिच्या पहिल्या पडद्यावर बोट आपटले की तोच गंधार शुद्ध. वादक हे बोट सतत आपटत-उचलत असतो आणि गाणे दोन्ही गंधारांच्या मधल्या पट्टीत राहते. आता उलट करून पाहा. ही तार चारऐवजी काळी तीनला लावली तर खुली मेजर जुळवणी होते. ऐकायला गोड, भांडण मिटलेले. पण मोकळ्या तारेच्या खाली पडदा नसतो. त्या तारेवर शुद्ध गंधारावरून कोमलाकडे उतरायला जागाच राहत नाही. पडद्यांच्या गिटारवर कोमलापासून शुद्धाकडे एका बोटात जाता येते, शुद्धापासून कोमलाकडे त्या तारेवर मुळीच जाता येत नाही. म्हणजे जिला मायनर म्हणून आपण दुःखाच्या खात्यावर टाकतो ती जुळवणी दोन्ही गंधार हाताशी ठेवते, आणि मेजर म्हणवणारी एकच. आम्हांला हे कळले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि परळकराची बस चुकली होती.

हवाईयन पद्धतीने, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांबीने वाजवल्या जाणाऱ्या गिटारला हा नियम लागू नाही, कारण तेथे पडद्यांचा अडसरच नसतो. व्हॅन शिपली, हजारा सिंग यांनी याच पद्धतीने चित्रपटगीते घरोघर पोहोचवली. ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या सोबतीने गिटारला रागसंगीतात मानाने बसवले. आम्हा मराठी श्रोत्यांनी गिटार स्वीकारली ती या आडव्या रूपात, मींड घेणारी म्हणून. उभी, पडद्यांची गिटार आम्ही ऑर्केस्ट्रात आणि महाविद्यालयाच्या कट्ट्यावर ठेवली. गिरगावात तर दोन्ही जगे हाकेच्या अंतरावर होती: खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती घरांत नाताळाच्या सुमारास गिटार, आणि ऑपेरा हाउसजवळ प्रा. बी. आर. देवधरांचे १९२५ साली सुरू झालेले विद्यालय, जेथे कुमार गंधर्व घडले. देवधरांनी स्वतः पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता. पण त्यांच्यासारखे अपवाद सोडले तर गिरगावातल्या आमच्यासारख्यांनी रस्ता ओलांडला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात रसचर्चा चालू होती. आमच्यातला परळकर शिकवीत होता. करुण रसाचे उदाहरण म्हणून त्याने, कवितेची भूमिका तयार करावी या हेतूने, भैरवीचा उल्लेख केला: रे, ग, ध, नि हे चारही स्वर कोमल, म्हणून ती विरहाची, निरोपाची रागिणी, इत्यादी. लालबागच्या चाळीत राहणारा एक मुलगा मागच्या बाकावर होता. वडील आणि आजोबा दोघेही भजनी मंडळातले. आजोबा गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, भजन सुटले नाही. कोकणातल्या डबलबारीच्या सामन्यांत समोरच्या बुवाला रात्रभर झुंजवणारी ही माणसे. तो उभा राहून म्हणाला, "सर, आमच्याकडे भैरवी झाली की चहा येतो."

वर्ग हसला. शिक्षकही हसला, आणि आता लोकपरंपरेत रागाचे उपयोजन वेगळे असते, वगैरे काहीतरी बोलून पुढच्या मुद्द्याकडे वळला. त्या मुलाने उरलेल्या वर्षात वर्गात पुन्हा प्रश्न विचारल्याचे आठवत नाही.

त्याचे म्हणणे विनोदी होते, पण विनोद नव्हता. रात्रभर जागलेले पन्नासेक लोक, पखवाजावर थाप, झांजा, पहाटेचा गारवा, आणि चारही कोमल स्वरांच्या भैरवीत सगळे मिळून सूर टिपेला नेत आहेत. त्यात दमणूक आहे, समाधान आहे, उद्या पुन्हा भेटण्याचे आश्वासन आहे. त्या मुलाने भैरवी ऐकली होती. आम्ही भैरवीविषयी वाचले होते. आणि गुण देण्याचा अधिकार आमच्याकडे होता. उत्तरपत्रिकेत त्याने करुण रसाचे उदाहरण म्हणून भैरवीच लिहिली असेल, गुणांसाठी, हा विचार गेल्या पावसाळ्यापासून आमची पाठ सोडत नाही.

आमचे म्हणणे त्यामुळे एवढेच उरते की स्वरावर रसाची चिठ्ठी लावून मग विद्यार्थ्याला तो ऐकायला लावणे बंद करावे. कवितेच्या बाबतीतही आम्ही हेच करतो: आधी 'ही विरहाची कविता' असे फळ्यावर लिहितो आणि मग ओळी वाचतो. यंदापासून आम्ही दोघांनी तो फळा कोरा ठेवायचे ठरवले आहे. मुले गोंधळतात, परीक्षेत काय लिहायचे असे विचारतात, आणि त्यांना द्यायला आमच्याकडे अजून नीट उत्तर नाही. विभागातल्या एका ज्येष्ठांनी, गिटार वाजवून रससिद्धान्त मोडता येत नाही, असा टोलाही दिला. तो आम्ही मान्य केला. सिद्धान्त मोडण्याची आमची उंची नाही. तो मराठीच्या वर्गात ज्या आळसाने शिकवला जातो, त्या आळसाविषयी मात्र आम्ही साक्ष देऊ शकतो, कारण तो आमचाच आहे.

राहता राहिला गिटारचा प्रश्न. आमच्यात तिसऱ्या तारेवरून मतभेद आहेत. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले, तर खर्जाच्या पोटातला स्वयंभू गंधार हा पेटीच्या किंवा गिटारच्या पडद्यावरच्या शुद्ध गंधाराहून सुमारे चौदा भागांनी खाली असतो. श्रुतींच्या अशा फरकांवरून विसाव्या शतकाच्या आरंभी देवल, क्लेमंट्स आणि भातखंडे यांच्यात जे वाद झाले त्यांच्यापुढे आमचे भांडण किरकोळ. गिरगावकरणीचे म्हणणे असे की तिसरी तार तेवढे चौदा भाग आणखी उतरवावी. मग पहिल्या पडद्यावर बोट ठेवताच शुद्ध गंधार खर्जाच्या पोटातल्या गंधाराशी तंतोतंत मिळतो, आणि मोकळ्या तारेवर उरतो तो अतिकोमल, दरबारीच्या वाटेवरचा गंधार. परळकराला हे पटत नाही. तार इतकी उतरली की ती पेटीशी बेसूर होते, आणि घरात साथीला पेटी असताना असला सोवळेपणा कशासाठी, असे त्याचे मत. तूर्त ज्याच्या घरी वाद्य त्याच्या हाती खुंटी असा व्यवहार चालू आहे. दिवाळीत भाचा आला, त्याने गिटार हातात घेतली, एकदा छेडली आणि विचारले, "मावशी, ही तिसरी तार घसरली आहे का?"

"नाही रे," ती म्हणाली, "तशीच लावली आहे."